एकाच जागी अडकणारी हार्ड डिस्क: दुरुस्तीआधी डेटा बाहेर कसा काढावा

एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाला लावली की ती दिसते, फोल्डर उघडतात, काही फाइली कॉपीही होतात. मग कॉपीची हिरवी पट्टी मध्येच थांबते, वेग शून्यावर येतो, विंडोज एक्सप्लोरर प्रतिसाद देईनासा होतो आणि बऱ्याच वेळाने ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ किंवा ‘आय-ओ डिव्हाइस एरर’ असा संदेश झळकतो. केबल काढून पुन्हा लावली की डिस्क पुन्हा दिसू लागते आणि त्याच फाइलीपाशी पुन्हा अडते. फोटो स्टुडिओ, डीटीपीची दुकाने, शाळांची कार्यालये आणि लग्नाबारशाचे फोटो जपून ठेवणारी घरे, या सर्व ठिकाणी ही तक्रार सारख्याच रूपात येते, आणि तिच्यावर होणारे उपायही बहुधा सारखेच असतात: विंडोजचे चेकडिस्क हे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवणे, पुन्हा पुन्हा कॉपी करून पाहणे, किंवा ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ या प्रश्नाला होकार देणे. या तिन्हींमुळे डेटा हाती लागण्याची शक्यता कमीच होते. डिस्क दुरुस्त करणे आणि डेटा वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पूर्ण होईपर्यंत पहिल्याला हात लावू नये, हे या लेखातील सर्व पायऱ्यांमागचे सूत्र आहे.

आत नेमके काय घडते

हार्ड डिस्कमधील चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. डेटा सेक्टरमध्ये साठवलेला असतो. जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा, तर नव्या डिस्कमध्ये प्रत्यक्षात ४०९६ बाइटचा असतो, आणि प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखून सुधारण्यासाठी लागणारी जादा माहितीही लिहिलेली असते. सेक्टर पहिल्या प्रयत्नात वाचता आला नाही तर डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचत राहते. घरगुती वापरासाठी बनवलेल्या डिस्क या खटाटोपात एका सेक्टरमागे अनेक सेकंद घालवतात, आणि आपल्याला संगणक गोठल्यासारखा वाटतो तो याच काळात.

एवढे करूनही सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क त्याची नोंद ‘पेंडिंग’ म्हणून करते. पुढे कधी त्या जागी काही नवे लिहिले गेले आणि ती जागा खरोखरच खराब निघाली, तर डिस्क तिच्याऐवजी राखीव साठ्यातला सेक्टर वापरात आणते. पूर्ण फॉरमॅट केल्यावर खराब डिस्क ‘सुधारल्यासारखी’ वाटते ती यामुळेच: अडणाऱ्या जागांवर शून्ये लिहिली जातात, पेंडिंगचा आकडा खाली येतो, आणि त्या जागांवर जे होते ते कायमचे जाते. चेकडिस्कचा धोका थोडा वेगळा आहे. तो फाइल प्रणालीतील, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदींतील, विसंगती दूर करण्यासाठी त्याच डिस्कवर लिहितो, आणि ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या बिघडलेल्या समजून काढून टाकतो किंवा नावगाव नसलेल्या तुकड्यांच्या रूपात वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. निरोगी डिस्कवर वीज गेल्याने झालेला गोंधळ निस्तरण्यासाठी हे साधन उत्तम आहे. जिचे सेक्टर वाचता येत नाहीत अशा डिस्कवर मात्र ते चालवू नये.

साध्या कॉपीतही अडचण आहे. एक्सप्लोरर फोल्डर उघडताच फोटोंच्या लहान प्रतिमा तयार करण्यासाठी फाइली वाचू लागतो, अँटिव्हायरस त्याच फाइली पुन्हा तपासतो, शोधसूची तयार करणारी सेवा मागाहून येते, आणि आपण मागितलेल्या एका फाइलीसाठी अशक्त हेडला चकतीभर धावपळ करावी लागते. डिस्ककडे आता किती वाचन शिल्लक आहे हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ते असे वाया जाऊ देऊ नये.

आधी ऐकावे, मग मोजावे

डिस्क कानाजवळ धरून सुरू होतानाचा आवाज ऐकावा. चकत्या फिरू लागल्याची एकसंध घरघर आणि अधूनमधून हलकी टिकटिक हे सामान्य आहे. ठरावीक लयीत येणारी खटखट आणि मग चकत्या थांबणे याचा अर्थ बहुधा हेडला चकतीवरील मार्गदर्शक खुणा वाचता येत नाहीत असा होतो. बारीक ‘पीं पीं’ असा आवाज येत असेल तर मोटर फिरू पाहत आहे पण फिरू शकत नाही. अशा वेळी हेड अनेकदा चकतीलाच चिकटलेले असते. घासल्याचा, किसल्याचा आवाज सर्वांत वाईट, कारण त्यात प्रत्येक फेऱ्याला चुंबकीय थरच खरवडला जात असतो. घासण्याचा आवाज ऐकताच वीज बंद करावी आणि डिस्क पुन्हा सुरू करू नये. खालील कोणतेही सॉफ्टवेअर अशा डिस्कसाठी नाही.

खटखटीच्या बाबतीत मात्र एक तपासणी अवश्य करावी. अडीच इंची एक्स्टर्नल डिस्क यूएसबीमधूनच ५ व्होल्ट वीज घेते. यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर पुरवतो, तर मोटर सुरू होण्याच्या क्षणी डिस्कची गरज यापेक्षा जास्त असू शकते. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा पोर्ट, लांब किंवा झिजलेली केबल, वीज न देणारा हब यांमुळे वीज अपुरी पडते आणि चांगली डिस्कसुद्धा खटखट करू लागते. म्हणून दुसरी आखूड केबल घेऊन, संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टला एकदा लावून पाहावे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, तेव्हा तिचा अ‍ॅडॉप्टर बदलून पाहावा. आवाज तसाच राहिला तर तिथेच थांबावे.

आवाज ठीक असेल तर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या नोंदी, पाहाव्यात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही साधने त्या दाखवतात. चार ओळी महत्त्वाच्या आहेत: ५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, १९७ म्हणजे पेंडिंग, १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर, आणि १९९ म्हणजे डिस्क व कंट्रोलर यांच्यातील देवाणघेवाणीच्या चुका. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे क्रमांक षोडशमान (दहाऐवजी सोळावर आधारलेल्या) पद्धतीने येतात, म्हणून १९७ ची ओळ तिथे सी-५ या नावाने शोधावी लागते, आणि मूळ आकडेही आपोआप त्याच पद्धतीने दाखवले जातात. सी-५ पुढे ‘३०’ दिसले तर पेंडिंग सेक्टर ४८ आहेत. हा फरक लक्षात न आल्याने आकडा खूपच कमी समजला जातो. १९७ वाढत असेल तर डिस्क निकामी होत चालली आहे असे मानून चालावे. फक्त १९९ वाढत असेल आणि बाकीच्या ओळी शून्यावर असतील, तर डेस्कटॉपमधील साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी केबल) बदलल्यावर सगळे सुरळीत होऊ शकते. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो पुढे सरकतो की नाही एवढेच पाहायचे असते. सर्वांत वर दिसणाऱ्या ‘पास्ड’ किंवा ‘गुड’ या शेऱ्यावर विसंबू नये, आणि डेटा काढून होईपर्यंत स्मार्टची दीर्घ चाचणी चालवू नये, कारण ती संपूर्ण पृष्ठभाग वाचते आणि त्या वाचनातून आपल्या हाती काहीच येत नाही.

प्रतिमा घेणे

आता मुख्य काम. निकामी होणाऱ्या डिस्कमधून फाइली निवडून काढण्याऐवजी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रतिमा, म्हणजे तंतोतंत नक्कल, एका फाइलीच्या रूपात दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन मी इतर कोणत्याही साधनाच्या आधी सुचवतो. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेले हे साधन सिस्टमरेस्क्यू या पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये आधीपासून असते. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्याचे पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावाने शोधावे लागते. सिस्टमरेस्क्यूचा आणखी एक फायदा असा की ते लावलेल्या डिस्क आपणहून माउंट करत नाही, म्हणजे त्यांतील फाइली वापरासाठी उघडत नाही.

दुसरी डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी असावी. १ टीबीच्या डिस्कची प्रतिमा १ टीबीच्याच डिस्कवर फाइल म्हणून मावत नाही, तेव्हा २ टीबीची घ्यावी. तिच्यावर फॅट-३२ ही जुनी फाइल प्रणाली नसावी, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल ठेवता येत नाही. मूळ डिस्क शक्य असेल तर यूएसबी पेटीतून काढून थेट साटा जोडणीला लावावी; यूएसबीचे रूपांतर करणारी चिप चुकांची नीट माहिती पुढे पाठवत नाही आणि मध्येच अडकून बसते. मात्र अनेक अडीच इंची एक्स्टर्नल डिस्कच्या सर्किटवर साटाची जोडणीच नसते, यूएसबीचे सॉकेट थेट त्या सर्किटवरच असते. आणि काही पेट्यांमधील चिप वापरकर्त्याने पासवर्ड ठेवलेला नसतानाही डेटा कूटबद्ध करते. अशी डिस्क पेटीबाहेर काढून दुसऱ्या पेटीत लावली तर त्यातले काहीच वाचता येत नाही. म्हणून पेटी उघडण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती घ्यावी, आणि पेटी उघडलीच तर तिची चिप जपून ठेवावी.

लिनक्स सुरू झाल्यावर ‘एलएसबीएलके’ या आदेशाने सर्व डिस्कची यादी मागवावी आणि ती मागवताना आकार, मॉडेल आणि सिरीयल क्रमांक हे रकाने दाखवायला सांगावे. मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे सिरीयल क्रमांकावरून कागदावर लिहून घ्यावे. ‘एसडीबी’ आणि ‘एसडीसी’ ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, आणि ती उलटी दिली गेली तर रिकाम्या डिस्कमधील मजकूर भरलेल्या डिस्कवर लिहिला जाईल. या एका तपासणीत घाई करू नये.

डीडीरेस्क्यूच्या आदेशात पर्यायांनंतर तीन गोष्टी याच क्रमाने येतात: मूळ डिस्क, प्रतिमेची फाइल आणि नकाशाची फाइल. नकाशाची फाइल हे या साधनाचे मर्म आहे. डिस्कचा कोणता भाग वाचून झाला, कोणता अडला आणि कोणता अजून पाहिलेलाच नाही, याची नोंद तिच्यात होत राहते. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तोच आदेश पुन्हा दिल्यावर ते जिथे राहिले तिथून सुरू होते आणि वाचलेला भाग पुन्हा वाचला जात नाही. ही फाइल नव्या डिस्कवरच ठेवावी. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये होम फोल्डर मेमरीत असतो, आणि तिथे ठेवलेला नकाशा वीज जाताच नाहीसा होतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी हे काम यूपीएसशिवाय सुरू करू नये. उन्हाळ्यात डिस्कवर पंख्याचा झोत ठेवावा, आणि तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले तर कंट्रोल आणि सी दाबून काम थांबवावे, डिस्क निवू द्यावी आणि मग पुढे चालू करावे.

पहिल्या फेरीत ‘डॅश एन’ हा पर्याय द्यावा. तो दिल्यावर साधन अडणाऱ्या जागा सेक्टर-सेक्टर खरवडत बसत नाही. अडथळा आला की ते उडी मारून पुढे जाते, लागोपाठ अडथळे आले तर उडीची लांबी वाढवते, आणि सोडलेले भाग पुढे उलट दिशेनेही वाचून पाहते. परिणामी सहज वाचता येणारा बहुतांश डेटा सर्वांत आधी सुरक्षित होतो, आणि डिस्क मध्येच कायमची बंद पडली तरी हाती बरेच काही आलेले असते. त्यानंतर ‘डॅश एन’ काढून ‘डॅश डी’ आणि ‘डॅश आर ३’ हे पर्याय द्यावेत; पहिल्याने लिनक्सच्या तात्पुरत्या साठ्याला वळसा घालून थेट डिस्क वाचली जाते, आणि दुसऱ्याने खराब सेक्टरवर आणखी तीन फेऱ्या होतात. उलट दिशेने वाचण्यासाठी मोठ्या लिपीतील ‘डॅश आर’ आहे, आणि एका दिशेने न वाचता आलेले काही सेक्टर दुसऱ्या दिशेने वाचले जातात.

वेगाकडे लक्ष ठेवावे. सेकंदाला १०० एमबी या वेगाने १ टीबीची डिस्क तीन तासांच्या आत वाचून होते. सेकंदाला १० एमबीने तिला सुमारे २८ तास लागतात. आणि वेग ५०० केबीवर अडकून राहिला तर २३ दिवस. शेवटच्या परिस्थितीत हट्टाने काम चालू ठेवण्यापेक्षा थांबून नकाशा पाहावा. नकाशाची फाइल साध्या मजकुराची असते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण असते: अधिक म्हणजे वाचून झाले, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून पाहिले नाही, तारका आणि तिरकी रेघ म्हणजे अडले पण बारकाईने तपासायचे राहिले, आणि वजा म्हणजे खराब सेक्टर. डीडीरेस्क्यूव्ह्यू हे सोबतचे साधन हेच रंगीत चौकोनांत दाखवते. खराब भाग एखाद-दोन ठिकाणी गोळा झालेले असतील तर तो पृष्ठभागाचा स्थानिक दोष आहे आणि उरलेली डिस्क शांतपणे वाचता येते. चांगले आणि खराब पट्टे डिस्कभर ठरावीक अंतराने आलटून-पालटून येत असतील, तर अनेक हेडपैकी एक हेड गेलेले आहे; त्या हेडखालचा डेटा घरी निघणार नाही, आणि त्याच्यावर फेऱ्या वाढवल्याने चकतीचे नुकसान होण्याचा धोका आहे. अशा वेळी मिळालेल्या प्रतिमेत आपल्याला हवे ते आले आहे का ते आधी पाहावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा.

प्रतिमेतून फाइली काढणे

प्रतिमा पूर्ण झाल्यावर मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी. लिनक्सवर प्रतिमा केवळ वाचण्यासाठी माउंट करता येते. विंडोजवर ओएसएफमाउंट हे साधन तेच काम करते, आणि एनटीएफएसची (विंडोजच्या नेहमीच्या फाइल प्रणालीची) प्रतिमा सेव्हन-झिपमध्येही उघडते. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप असेल तर प्रतिमाही कूटबद्धच असते, आणि तिच्यासाठी पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. फोल्डर दिसत नसतील तर टेस्टडिस्क वापरून विभागाची (पार्टिशनची) हरवलेली नोंद शोधावी. त्यानेही काम झाले नाही तर शेवटचा मार्ग फोटोरेकचा. ही दोन्ही साधने क्रिस्तोफ ग्रेनिए यांची आणि मोफत आहेत. फोटोरेक फाइल प्रणालीकडे पाहतच नाही, फाइलीच्या सुरुवातीची ओळखीची खूण शोधून तिथून पुढचा डेटा उचलतो, त्यामुळे फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर दोन्ही जातात.

डीटीपी करणाऱ्यांना याचा फटका अधिक बसतो. ‘पाटील लग्नपत्रिका अंतिम’ अशा नावाची फाइल एका आकड्याच्या नावाने हजारो फाइलींत जाऊन बसते, आणि मजकुरावरून शोधावे म्हटले तर श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टमधील मजकूर युनिकोड देवनागरी टाइप करून सापडत नाही. अशा वेळी आपल्या फॉन्टच्या कीबोर्डने तोच शब्द एका कोऱ्या फाइलीत टाइप करावा, तो साध्या मजकुराच्या रूपात पाहिल्यावर जी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात ती घ्यावीत, आणि त्यांचा शोध घ्यावा. शिवाय मजकुराच्या फाइली वाचवताना फॉन्टच्या फाइलीही वाचवाव्यात. त्या नसतील तर सापडलेले पानही वाचता येणार नाही.

कोणत्या फाइली अर्धवट आल्या आहेत हे कळण्यासाठी डीडीरेस्क्यूमध्ये एक सोय आहे, जिचा उपयोग फार कमी जण करतात. न वाचता आलेल्या जागा नव्या प्रतिमेत कोऱ्या असतात, त्यामुळे फाइलीचा आकार बरोबर दिसतो आणि बिघाड लक्षात येत नाही. फोटो उघडल्यावर खालचा अर्धा भाग राखाडी निघतो तो यामुळे. ‘फिल मोड’ या पर्यायाने नकाशात वजा खूण असलेल्या सर्व जागा आपल्या पसंतीच्या शब्दाने भरता येतात. प्रतिमेची आणखी एक प्रत काढून तिच्यात ‘हरवलेलेपान’ यासारखा, अन्यत्र न येणारा एक शब्द भरावा, ती प्रत माउंट करावी, आणि ‘ग्रेप’ या आदेशाने तो शब्द ज्या फाइलींत सापडतो त्यांची यादी काढावी. ही यादी म्हणजेच बिघडलेल्या फाइलींची यादी. ती हाती आली की खऱ्या अर्थाने निर्णय घेता येतो: बिघडलेल्या फाइली चित्रपट आणि जुने सॉफ्टवेअर असतील तर काम इथेच संपले, त्यांत हिशेबाची वही किंवा बाळाचे फोटो असतील तर आणखी फेऱ्या किंवा प्रयोगशाळा यांचा विचार करावा.

प्रयोगशाळेकडे कधी जावे

खटखट, घासणे, न फिरणारी मोटर आणि गेलेले हेड ही कामे घरची नाहीत. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. बाहेर काढताच दमट हवेतील बाष्प चकतीवर साचते, आणि आपल्या पावसाळ्यात तर ते टळणारच नाही, म्हणून हा सल्ला मानू नये. तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे सर्किट बसवण्याचा उपायही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या सर्किटवरील रॉम चिपमध्ये असते आणि ती चिप किंवा तिच्यातील माहिती नव्या सर्किटवर न्यावी लागते. डिस्कचे झाकण टेबलावर उघडणे तर कोणत्याही कारणाने करू नये. हेड आणि चकती यांच्यातील अंतरापेक्षा साधा धूलिकण कितीतरी पटींनी मोठा असतो.

प्रयोगशाळा निवडताना तीन प्रश्न विचारावेत: डिस्क गाळलेल्या हवेच्या बंदिस्त जागेत उघडली जाते का, पीसी-३००० सारखी डेटा काढण्याची व्यावसायिक उपकरणे स्वतःकडे आहेत की काम दुसरीकडे पाठवले जाते, आणि तपासणीनंतर खर्चाचा आकडा लेखी देऊन आपल्या संमतीनंतरच काम सुरू होते का. डिस्क देताना तिच्यावर आतापर्यंत काय काय केले ते न लपवता सांगावे, आणि आपण घेतलेली अर्धी प्रतिमा व नकाशा सोबत द्यावा. त्यांचे उपकरण तो वापरू शकले तर वाचलेला भाग पुन्हा वाचावा लागत नाही.

डिस्क वॉरंटीत असेल तर कंपनी ती बदलून देते, त्यातील डेटा देत नाही, आणि जुनी डिस्क सहसा परत मिळत नाही. त्यामुळे प्रतिमेतील महत्त्वाच्या फाइली एकेक उघडून पाहिल्याशिवाय, आणि त्यांची दुसरी प्रत आणखी एका डिस्कवर झाल्याशिवाय, जुनी डिस्क वॉरंटीसाठी पाठवू नये. पाठवण्याआधी तिच्यावर शून्ये लिहिता आली तर लिहावीत. लिहिता येत नसतील आणि आत ग्राहकांची कागदपत्रे असतील, तर वॉरंटीचा लाभ सोडून डिस्क स्वतःकडेच ठेवणे मला अधिक योग्य वाटते.